आधीचा एक फोटो, नंतरचे चार

थंडी आली हे मला सगळ्यात आधी कंपनीच्या बसच्या काचांवरून कळतं. चिंचवडहून पहिल्या शिफ्टची बस सुटते तेव्हा बाहेर अंधारच असतो, आणि दिवाळीच्या आगेमागे एका सकाळी काचा आतून धुरकट झालेल्या दिसतात. पोरंपोरी त्यावर बोटाने काहीबाही लिहितात. मी तळव्याने माझ्यापुरती काच पुसून घ्यायचे आणि मोशी मागे पडून उजाडायला लागलं की आभाळाकडे डोळे लावून बसायचे. शेजारी बसणारी बाई विचारायची, "मॅडम, पाऊसबिऊस येतोय का काय?" मी म्हणायचे, "नाही हो, पाहुणे येतायत." आता मी काच पुसत नाही. का पुसत नाही ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे, आणि लिहिताना माझा तोल सुटला तर सुटू दे.

मी चाकणच्या एका कारखान्यात स्टँडर्ड रूममध्ये काम करते. स्टँडर्ड रूम म्हणजे मोजमापाची खोली. मशीनवरून निघालेला भाग आमच्याकडे येतो, आम्ही तो मोजतो आणि बरोबर की बाद ते सांगतो. केसाच्या जाडीचा फरकही आमच्याकडे खपत नाही. या सवयीमुळे मी घरीही जरा जास्तच काटेकोर आहे. नवरा भेंडी चिरायला बसला की आधीच बजावतो, "मोजू नकोस, खायची आहे." माझं लहानपण दापोडीला गेलं. तिथे कावळे, चिमण्या, कबुतरं आणि घारी यांच्यापलीकडे काही पाहिल्याचं मला आठवत नाही. पक्ष्यांचं वेड मला चाळिशीनंतर लागलं, आणि ते ज्या बाईमुळे लागलं तिच्याबद्दलच हे सगळं आहे.

ती असेंब्ली लाइनवर होती. आमच्या कारखान्याला लागून जे गाव आहे त्या गावची ती मूळची. घरची शेती कारखान्यांसाठी संपादनात गेली आणि त्या बदल्यात तिला नोकरी मिळाली. घर आता राजगुरुनगरला. आमची ओळख झाली कँटीनच्या गच्चीवर. कँटीन वरच्या मजल्यावर आहे आणि तिच्यामागे पाण्याच्या टाक्यांची मोकळी गच्ची आहे. थंडीत जेवण झालं की बायका तिथे ऊन खायला जातात. मी टाकीला टेकून उभी होते. ती शेजारी येऊन उभी राहिली आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे बोट दाखवत म्हणाली, "मॅडम, त्ये पानी दिसतंय का? त्यो आमचा खालचा तुकडा."

भिंतीपलीकडे एक मोठा खड्डा होता, पाण्याने भरलेला. तिने सांगितलं की तिचे वडील तिथे ज्वारी करत. जमीन गेल्यावर ठेकेदाराने रस्त्याच्या भरावासाठी तिथला मुरूम खणून नेला, खाण तशीच राहिली, आणि मग दर पावसाळ्यात ती भरू लागली. काठाला पाणकणीस आणि गवत माजलं. "आन मग ह्या आल्या," ती म्हणाली. पाण्यात लांब लाल पायांचे काळे-पांढरे पक्षी चालत होते, एकेक पाय जपून उचलत, नवी साडी नेसून चिखलातून चालणाऱ्या बायकांसारखे. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. ती त्यांना लाल काड्यावाल्या म्हणायची.

त्या दिवाळीला मी दुर्बीण घेतली. पुढच्या वर्षी लांबचे फोटो निघतात तसला कॅमेरा घेतला. लाल काड्यावाल्या म्हणजे शेकाट्या, हे पुस्तकात बघून मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझंच नाव बरं हाय की." तिचं म्हणणं खरं होतं. मॅडमवरून ती लवकरच 'ए बाई'वर आली आणि मी अहो-जाहोवरून अगं-तुगंवर. आमच्या वयाच्या बायकांना नवीन मैत्रिणी सहसा होत नाहीत. ज्या असतात त्या शाळेतल्या, सोसायटीतल्या, नात्यातल्या. ही माझी स्वतः कमावलेली मैत्रीण होती, आणि मला तिचा गर्व होता.

पाच-सहा हिवाळे आम्ही ते तळं बघितलं. आम्ही त्याला तळंच म्हणायचो. ऑक्टोबरचा उकाडा संपत आला की सगळ्यात आधी धोबी यायचा. तो तर आमच्या गच्चीवरच उतरायचा, टाकीच्या गळक्या नळापाशी, शेपटी वरखाली करत तुरूतुरू धावायचा. धोबी आला की ती सगळ्या कँटीनला ऐकू जाईल अशी ओरडायची, "आला गं, जावई आला!" मग काठाच्या चिखलात चोची खुपसणारे तुतवार दिसायचे. वारा बदलायचा, दुपारचं ऊन मऊ व्हायचं, कंपनीच्या बागेतला माळी कानटोपी घालायला लागायचा. आणि मग एका धुक्याच्या सकाळी चक्रांग.

चक्रांग हे लहानसं बदक, कबुतराहून थोडं मोठं. बसलेलं असताना तपकिरी, काही विशेष नाही. पंख उघडला की त्यात हिरवा तुकडा चमकतो. ही एवढीशी बदकं हिमालयापलीकडून येतात, हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिने दुर्बीण घेऊन ती परत एकदा पाहिली. मग म्हणाली, "यवढ्या लांबून येत्यात आन आमच्याच खड्ड्यात उतरत्यात. ध्यानात कसं ऱ्हातं गं त्यांच्या?" त्या दिवसापासून ते तळं मला फार मोलाचं वाटायला लागलं. कोणीतरी हजारो मैलांवर ते लक्षात ठेवून होतं.

कंपनीच्या आत फोटो काढायला मनाई. गेटवरचा सिक्युरिटीवाला रोज सकाळी प्रत्येकाच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो आणि संध्याकाळी तो शाबूत आहे का बघतो. त्यामुळे फोटोंसाठी आम्ही सुट्टीच्या दिवशी यायचो. मी चिंचवडहून बस पकडून, ती राजगुरुनगरहून. भिंतीच्या बाहेरून, गवतात फतकल मारून बसायचो. ती भाकरी आणि ठेचा आणायची, मी थर्मासमध्ये चहा. फोटो काढायला मी तिला शिकवलं. सूर्य पाठीशी ठेवायचा, पक्ष्याचा डोळा स्पष्ट हवा, आणि घाई करायची नाही. पक्षी वळतो. त्याची चांगली बाजू आपल्याकडे येईपर्यंत थांबायचं. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. असेंब्लीवर इतकी वर्षं बारीक स्क्रू बसवलेले ते हात.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात कुजबुज सुरू झाली. भिंतीबाहेरचा तो प्लॉट कंपनीला वापरायचा आहे, खाण बुजवणार. मी घरी चिडचिड करायला लागले. नवरा म्हणाला, "अगं, तो खड्डा आहे. तुझ्या नावावर सातबारा आहे का?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

तिला मात्र फारशी काळजी दिसली नाही. गच्चीवर ती मला म्हणाली, "मी बोलते सायबांशी. गावची म्हनून वळखत्यात मला. खाली पर्यावरनाचं काम सुरू केलंय न्हवं त्यांनी, त्या सायबांशी. नुसतं तोंडानं बोलून हुनार न्हाई. फोटो दे. आधीचा एक दे, नंतरचे चार दे."

आमच्याकडे काम न केलेल्या माणसाला हे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या कारखान्यात कुठलीही सुधारणा फोटोंशिवाय होत नाही. झाडू ठेवायला भिंतीत खिळा ठोकला तरी त्याचा फलक लागतो. डावीकडे 'आधी', त्यात जमिनीवर लोळणारा झाडू. उजवीकडे 'नंतर', त्यात खिळ्याला टांगलेला झाडू. जिन्यात, कँटीनमध्ये, बाथरूमच्या दारावरसुद्धा हे फलक आहेत. वर्षानुवर्षं ते बघून आमची डोकीच तशी झाली आहेत. मुलीचं कपाट आवरलं तेव्हा मी नकळत दोन फोटो काढले होते. त्यामुळे तिने आधीचा एक आणि नंतरचे चार मागितले तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, शहाणी आहे. साहेबांना कळणाऱ्या भाषेत सांगतेय.

मी ठरवलं की आधी म्हणजे उन्हाळा आणि नंतर म्हणजे हिवाळा. एकच जागा. मे महिन्यातली भेगाळलेली खाण, तिच्यात एक तुटकी चप्पल, बाटल्या आणि सुकलेलं शेण. आणि मग तीच जागा थंडीत: शेकाट्या, धोबी, धुक्यातले चक्रांग, आणि पाखरांनी भरलेलं सगळं तळं. कोणाही माणसाला पटलं असतं की हा खड्डा मेलेला दिसला तरी मेलेला नाही, वाट बघतोय. फोटो निवडायला मी दोन संध्याकाळी घालवल्या. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात महिना टाकला. एका पेन ड्राइव्हवर घालून तो तिच्या हातात ठेवला. ती म्हणाली, "झालं बघ तुझं काम." 'आपलं' नाही, 'तुझं' म्हणाली होती. तेव्हा मी ऐकलं नाही.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी बाहेरून मोठे पाहुणे आले. मुख्य ऑफिसजवळच्या हॉलमध्ये खुर्च्या भरायला प्रत्येक खात्यातून माणसं बोलावली, आमच्या खोलीतून मी गेले. मागच्या रांगेत बसले. समोर मोठा फलक होता. डावीकडे 'आधी': माझी मे महिन्यातली खाण, तुटक्या चपलेसकट. उजवीकडे 'नंतर': मेन गेटपाशी त्याच वर्षी बांधलेलं कंपनीचं शोभेचं तळं. निळ्या प्लास्टिकचं अस्तर, मध्ये कारंजं, काठाला कुंड्या. आणि त्याच्याभोवती माझ्या शेकाट्या, माझा धोबी, माझे धुक्यातले चक्रांग. मी कोपऱ्यात टाकलेले महिने कापून टाकले होते.

फलकापाशी हातात छडी घेऊन ती उभी होती. अंगावर नवा राखाडी कोट, त्यावर पर्यावरण विभागाचा बिल्ला. तिने छडी डावीकडून उजवीकडे नेली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवलं, "ओल्ड वॉटर बॉडी वॉज डेड, सर. बर्ड्स आर शिफ्टेड." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि माझ्या कानात नुसता आवाज होता, कॉम्प्रेसर रूमच्या शेजारी उभं राहिल्यावर असतो तसा.

पक्षी कुठेही शिफ्ट झाले नव्हते. त्या कारंज्यावर तेव्हा साधा बगळाही येत नव्हता. आणि खरं तळं त्याच वेळी, त्या हॉलपासून हाकेच्या अंतरावर, पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरून त्यांची वाट बघत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला गच्चीवर गाठलं. हातातला चहाचा कप खाली आपटून ठेवला. मी म्हणाले, "तळं वाचवते म्हणाली होतीस."

ती टाक्यांकडे बघत म्हणाली, "वाचनार न्हवतंच त्ये. आधीच ठरल्यालं."

"मग फोटो कशाला मागितलेस?"

"त्यांना पायजे व्हते."

"आणि तू दिलेस. माझे. मला खोटं सांगून."

"खोटं काय त्यात? पक्षी खरं, फोटू खरं."

मी ओरडले असणार, कारण ऊन खाणाऱ्या बायका एकेक करून आत गेल्या. मी म्हणाले की तू माझा केसाने गळा कापलास. सहा वर्षं शेजारी बसून भाकरी खाल्लीस आणि माझ्याच फोटोंनी माझं तळं मारलंस. ती आतापर्यंत शांत होती. 'माझं तळं' ऐकल्यावर मात्र वळली.

"तुझं?" ती म्हणाली. "माझ्या बापाची ज्वारी व्हती तिथं. त्यो तुकडा गेला तवा मी रडून घेतलंय. आता तुझ्या बदकांसाठी परत रडू व्हय? लाइनवर हुभं ऱ्हाऊन माझं गुडघं गेलं. जिना चढताना कसं हुतं तुला दिसत न्हाई का रोज? त्यांनी मला खुर्ची दिली, बाई. बसायची खुर्ची."

"मला विचारायचं होतंस."

"तू दिलं असतंस का फोटू?"

नसतेच दिले. पण मला त्याबद्दल अपराधी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिच्या गुडघ्यांसाठी मी साहेबांशी भांडले असते, युनियनकडे गेले असते, काय वाटेल ते केलं असतं. तिने मला तेवढीही संधी दिली नाही. तिने माझ्याकडून जे हवं होतं ते गोड बोलून काढून घेतलं, आणि मी किती आनंदाने दिलं! निवडून निवडून दिलं. माणसाचा विश्वासघात होतो तेव्हा दुसऱ्याचा राग येतोच, पण त्याहून जास्त आपल्या त्या आनंदाची लाज वाटते.

मी पर्यावरणाच्या साहेबांकडेही गेले. त्यांनी मला चहा विचारला आणि म्हणाले, "मॅडम, फोटो प्रातिनिधिक आहेत हो." केसाच्या जाडीचा फरक न खपवणारी आमची कंपनी!

त्या हिवाळ्यात चक्रांग आले, नेहमीसारखे, धुक्यात. आणि त्याच आठवड्यात डंपर आले. भराव पूर्वेकडून सुरू झाला. मी रोज दुपारी गच्चीवर जायचे, न जाण्याचं ठरवूनही जायचे. डंपर रिकामा व्हायचा, धुरळा उडायचा, बदकं उठायची, आभाळात दोन गोल फिरायची आणि पश्चिमेच्या काठाला उतरायची. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडे थोडं कमी पाणी. ती आणखी दाटीने बसायची. मला वाटायचं, जा ना बायांनो, शहाण्या असाल तर दुसरीकडे जा. पण ती इतक्या लांबून त्याच जागेवर भरवसा ठेवून आली होती, दोन डंपरांनी तो उडत नव्हता. शेवटी शेवटी अंगणाएवढं पाणी उरलं होतं आणि त्यात ती सगळी. मग एका दुपारी पाणीही नव्हतं, बदकंही नव्हती. ती कुठे गेली ते मला माहीत नाही.

आम्ही दोघी वर्षभर बोललो नाही. ती खालच्या ऑफिसात बसायची, खुर्चीवर. तिच्या मोबाइलवर आता स्टिकर नसायचा, पर्यावरणवाल्यांना फोटोंची परवानगी असते. कधी जिन्यात समोरासमोर आलो तर ती थांबायची आणि मी मोबाइलमध्ये बघत निघून जायचे. तिचं चालणं सुधारलं होतं, ते मला दिसायचं. कारंज्याच्या तळ्यावर पक्षी काही आले नाहीत. येणार कसे? दिवसभर पाणी उडत असायचं आणि कुंड्यांपलीकडून ट्रक जायचे. लाइनवरची पोरं तिला चिडवायची, "ताई, शिफ्ट झालेले पक्षी कुठल्या शिफ्टला येतात?" मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

बुजवलेल्या जागेवर गाड्यांसाठी पार्किंग झालं आणि त्यावर छप्पर म्हणून सोलर पॅनेल बसवली. ओळीने, एकमेकांना खेटून, गडद निळी. त्याचाही फलक लागला. पुढच्या थंडीत, म्हणजे ह्याच वर्षी, धोबी गच्चीवर आला आणि कोणी ओरडलं नाही. मी एकदा सकाळी टाकीपाशी उभी राहून खाली पाहिलं. पॅनेलवर दव पडलं होतं आणि वर धुकं रेंगाळत होतं. क्षणभर मला वाटलं, पाणी आहे. मला वाटलं तर आभाळातून बघणाऱ्यांना काय वाटेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं असतं तरी मी काय करणार होते?

थोड्या दिवसांनी, सकाळी कामाला लागलो तोच स्टँडर्ड रूमचं दार धाडकन उघडलं. आमच्या खोलीत तापमान सांभाळलेलं असतं. बाहेरचे बूट आत चालत नाहीत, दार उघडं ठेवलेलं चालत नाही. ती बुटांसकट आत आली. ओढणीत काहीतरी धरलं होतं. म्हणाली, "ए बाई, बघ गं. धुक्यात थवाच्या थवा उतरला पॅनेलवर. बाकीची उडाली. ह्ये खाली पडलं."

चक्रांग होतं. डोळे उघडे, छाती धडधडत होती. डावा पंख लोंबत होता आणि त्यातला हिरवा तुकडा माझ्या ट्यूबलाइटखाली चमकत होता. इतक्या वर्षांत मी ते इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. माझा सगळा राग कुठे गेला मला कळलं नाही. आम्ही दोघी त्याच्यावर वाकलो होतो, डोक्याला डोकं लावून, पूर्वी दुर्बिणीसाठी भांडायचो तशा. मी जखमी पक्षी सांभाळणाऱ्या एका मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "खोक्यात ठेवा, अंधार करा, पाण्यात अजिबात सोडू नका, पंख बांधला तर कदाचित उडेल. मी निघालेच." फोन ठेवून मी मैत्रिणीला शब्दन् शब्द सांगितला. "पाण्यात सोडायचं नाही, कळलं ना? खोकं घेऊन येते." ती म्हणाली, "व्हय, व्हय. पळ तू."

मी पॅकिंगमध्ये गेले, पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, त्याला भोकं पाडली, तळाशी फडकं घातलं. पळत परत आले. खोलीत ती नव्हती. माझ्या टेबलावर एक लहान पीस पडलं होतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "त्या मेन गेटकडे गेल्या."

खोकं घेऊन मी गेटपर्यंत धावले. या वयात, सगळ्या कंपनीदेखत. चक्रांग कारंज्याच्या तळ्यात मधोमध होतं. ती काठावर गुडघ्यांवर बसली होती, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि मोबाइल दोन्ही हातांत स्थिर धरून वाट बघत होती. मी ओरडले तेव्हा तिने एक हात वर करून मला थांबवलं. गप्प, उडेल, अशी खूण केली. मग तिने फोटो काढला.

पक्ष्यांवाली मुलगी आली, पण अस्तर निसरडं, मध्ये पाणी खोल, आणि कोणी जवळ गेलं की बदक बुडी मारायचं. बाहेरच्या माणसाला पाण्यात उतरू द्यायला सिक्युरिटी तयार होईना. संध्याकाळपर्यंत प्रयत्न करून ती गेली. जाताना मला म्हणाली, "खोक्यात का नाही ठेवलंत?"

माझी मैत्रीण दुसऱ्या दिवशी गच्चीवर आली. जिना चढून, कठड्याला धरत. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मोबाइल माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात पावनं येनार हायत. आता फलकावर ह्यो लावायचा. आता खोटं न्हाई ऱ्हायलं, बाई. आपलंच चक्रांग, आपल्याच तळ्यावर. तुझ्या जिवाला लागलं व्हतं न्हवं? आता तरी बोलशील?"

ती मनापासून विचारत होती. ती माझ्यासाठीच काहीतरी दुरुस्त करून आली होती, असा तिचा समज होता, आणि हेच मला सहन झालं नाही. मी गेटच्या बाजूच्या कठड्याशी गेले. खाली चक्रांग कारंज्याभोवती फिरत होतं, एकटं, एक पंख पाण्यात ओढत. वरून थवा गेला तेव्हा त्याने मान वर केली.

नवा फोटो आता फलकावर आहे. जाता-येता दिसतो. सूर्य पाठीशी घेऊन काढलाय, डोळा अगदी स्पष्ट आलाय, आणि तुटलेला पंख कुठे दिसत नाही. चांगली बाजू आपल्याकडे येईपर्यंत ती थांबली होती, मी शिकवलं होतं तसं.